तारीफ नको, इस्लाह द्या

आपल्या घरांमध्ये एखाद्या मुलीचं चित्र मारून टाकायचं असेल तर त्याला विरोध करायची गरज पडत नाही. ‘माशाअल्लाह, बहुत खूब’ म्हणून मोबाइल तिच्या हातात परत दिला की काम होतं. हे वाक्य काहींना टोचेल. बावीस वर्षं एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवतोय, दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतोय. तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

निमित्त माझ्या भाचीचं आहे. ती बारावीत आहे. सेकंडहँड टॅब, त्याला एक स्टायलस आणि क्रिता नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्या सामानावर तिनं तीन आठवडे खपून एक चित्र केलं. गुलमर्गचा उतार, मागे देवदारांची रांग, आणि त्या उतारावरून फळीवर उभा राहून खाली झेपावणारा पिवळ्या जॅकेटमधला एक स्नोबोर्डर. सोलापूरच्या पोरीनं बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलेला. तिनं व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले, वहीत पन्नासेक छोटी रेखाटनं केली आणि मग रंगाला हात घातला. बारावीनंतर कला महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यायची की गुपचूप बी.कॉम. करायचं, हा प्रश्न तिच्यासमोर आहे. त्यामुळे हे चित्र तिला दाखवायचं होतं आणि कुणीतरी खरं बोलावं अशी तिची इच्छा होती.

ईदच्या दुसऱ्या दिवशी घरात सगळे जमले होते. टॅब हातोहात फिरला. खाला म्हणाली, माशाअल्लाह, नजर ना लगे. पुण्यात इंजिनीअर असलेल्या चुलतभावानं दोन सेकंद पाहिलं आणि विचारलं, “एआयनं केलंय ना?” चाचा म्हणाले, बर्फबिर्फ आपलं काम नाही, आपलं काहीतरी काढ, दर्गा काढ, मोहल्ला काढ. एका बुजुर्गांनी जिवंत आकृती काढण्याबद्दल आक्षेप घेतला. मग चित्र डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, गॉगल आहे, तोंडावर फडकं आहे, चेहरा दिसत नाही, म्हणजे ठीक आहे. (तो वाद जुना आहे आणि त्याची जागा ही नाही. पण एक मान्य करावं लागेल, त्या खोलीत चित्र सगळ्यात निरखून त्यांनीच पाहिलं.) त्याआधी महिनाभरापूर्वी ती एका कला महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना भेटून आली होती. त्यांनी टॅबकडे न बघताच सांगितलं होतं की डिजिटल म्हणजे पेंटिंग नव्हे, आधी कागदावर हात बसव.

म्हणजे हिशेब असा: कौतुक झालं, संशय झाला, विषयाबद्दल सल्ला झाला, माध्यमाबद्दल फतवा झाला. चित्राबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. तो माणूस कुठून कुठे चाललाय, हे कुणी विचारलं नाही.

आता चित्राबद्दल बोलणं म्हणजे काय ते सांगतो. त्याशिवाय माझं म्हणणं हवेतलं वाटेल.

स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग यांत फरक आहे. स्कीवाल्याच्या प्रत्येक पायाला वेगळी पट्टी असते, दोन्ही हातांत काठ्या असतात आणि त्याचं शरीर जिकडे जायचंय तिकडे तोंड करून असतं. स्नोबोर्डरचे दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात. हातात काठी नाही. शरीर बाजूला वळलेलं, आणि मान तेवढी प्रवासाच्या दिशेनं. डावा पाय पुढे असेल तर त्या उभं राहण्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा पुढे असेल तर ‘गूफी’. भाचीच्या चित्रात पाय आडवे होते, पण कंबर समोर होती. पाय स्नोबोर्डरचे आणि कंबर स्कीवाल्याची. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण काहीतरी अडकतंय असं त्याला जाणवतं. ‘ॲनाटॉमी चुकली’ असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ असतात. कुठं चुकली, का चुकली, हे सांगायला मात्र बसावं लागतं.

दुसरी गोष्ट वजनाची. फळी वळते ती तिच्या कडेवर. टाचेच्या कडेवर असताना माणूस अदृश्य खुर्चीत बसल्यासारखा मागे, डोंगराकडे रेलतो आणि त्याची छाती दरीकडे असते. बोटांच्या कडेवर असताना उलट, छाती डोंगराकडे आणि गुडघे पुढे दाबलेले. कुठलीही कड असो, शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं आणि बर्फाचा फवारा बाहेरच्या बाजूला उडतो. तिच्या चित्रात माणूस आत झुकला होता आणि फवाराही आतच उडत होता. फवारा फार सुंदर रंगवला होता, थेंब न् थेंब. पण तो चुकीच्या बाजूला होता, आणि त्यामुळे तिला हवा असलेला वेग चित्रातून गळून गेला होता. तो माणूस वळण घेतोय असं वाटेना, घसरून पडतोय असं वाटत होतं.

तिसरी गोष्ट बर्फाची. बर्फ पांढरा असतो ही आपली ऐकीव माहिती. स्वच्छ उन्हातल्या बर्फावर सावली पडते तिथे सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, फक्त आकाशाचा पोचतो, म्हणून ती सावली निळसर दिसते. भाचीनं सावल्या पांढऱ्यात काळा मिसळून केल्या होत्या, त्यामुळे गुलमर्गचा उतार सिमेंटचा झाला होता. क्लोद मोनेनं 1868-69च्या हिवाळ्यात कुंपणावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचं चित्र केलं, त्यात बर्फावरच्या सावल्या निळ्या आहेत. 1869मध्ये पॅरिसच्या ‘सलों’च्या परीक्षकांनी ते नाकारलं. आज ते ओर्से संग्रहालयात आहे. यावरून परीक्षक मूर्ख असतात असा सोपा निष्कर्ष काढू नका. मुद्दा वेगळा आहे. मोने बर्फाकडे बघत होता आणि परीक्षक बर्फाच्या कल्पनेकडे. आपण मुलांना कुठे बघायला शिकवतो?

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. जॅकेट पिवळं होतं. रंगीत चित्रात ते झळकत होतं. मी तिला म्हटलं, रंग काढून टाक, नुसतं काळं-पांढरं कर. क्रितामध्ये हे चुटकीसरशी होतं. केलं आणि माणूस गायब झाला! पिवळा रंग उजळपणात पांढऱ्याच्या फार जवळ असतो. निळ्या आकाशासमोर तो उठला असता, बर्फासमोर विरघळला. मग चित्र आरशात दिसावं तसं उलटं करून पाहिलं, तेव्हा मागचे देवदारही एका अंगाला कलले आहेत हे तिचं तिलाच दिसलं. ती खो खो हसली. रडली वगैरे नाही.

चाळीस मिनिटं लागली. मी तिला विचारून वर एक नवा लेयर उघडला आणि लाल रेघांनी कंबर कुठे वळायला हवी ते दाखवलं. खाली तिचं काम जसंच्या तसं. माझा लेयर एका बोटानं बंद करता येतो, पुसूनही टाकता येतो. कागदाच्या जमान्यात मास्तर मुलाच्याच चित्रावर पेन्सिल चालवायचा आणि मुलगा घरी जाऊन ते खोडरबरानं घासत बसायचा. ज्या प्राध्यापकांना डिजिटल म्हणजे पेंटिंग वाटत नाही त्यांनी किमान हे पाहावं की शिकवण्यासाठी याहून सोयीचं माध्यम आजवर मिळालेलं नाही. मूल्य, रचना, रेषा, प्रकाश यांचे प्रश्न टॅबवर तेच असतात जे कागदावर असतात. यंत्र कंबर वळवून देत नाही.

आणि इंजिनीअर भावाला जाता जाता: लेयर असलेली मूळ फाइल आहे, पन्नास रेखाटनांची वही आहे. विचारलं असतंस तर तिनं दाखवली असती. ‘एआयनं केलंय ना’ हा प्रश्न नव्हताच, तो फिरून टॅब पुढे सरकवायचा बहाणा होता.

आता मूळ भांडणाकडे येतो. ही चाळीस मिनिटं तिला मिळाली कारण तिचा मामू चित्रकलेचा मास्तर आहे. ज्यांचा नाही त्यांचं काय?

आपण उर्दूची मिरास सांगताना मुशायऱ्याची ‘वाह वाह’ सांगतो, ‘मुकर्रर’ सांगतो. त्या वाहवाच्या मागे इस्लाहची केवढी मोठी परंपरा उभी होती ते विसरतो. शागिर्द गझल लिहायचा आणि उस्तादाकडे पाठवायचा. उस्ताद शब्द बदलायचा, मिसरा उलटा करायचा, कधी शेरच काटायचा. गालिब आपला शागिर्द हरगोपाल तफ्ता याच्या कलामाची इस्लाह पत्रांतून करत असे. सियालकोट-लाहोरकडचा तरुण इक्बाल आपल्या गझला डाकेनं दाग देहलवींकडे पाठवायचा, आणि दाग तेव्हा हैदराबादेत निजामाच्या दरबारी होते. काही काळानं दागनींच कळवलं की आता तुम्हाला इस्लाहची फारशी गरज राहिली नाही. यात कुणाचा अपमान झाला असं कुणालाच वाटलं नाही. उलट अमक्याचा शागिर्द हे लोक अभिमानानं सांगायचे. मराठीत सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून आणि नव्या गझलकारांना पत्रं लिहून तेच केलं. मराठी गझल आज ज्या पायावर उभी आहे त्यात त्या पत्रांचाही वाटा आहे.

मग चित्राच्या बाबतीत आपण एवढे हळवे का? माझं उत्तर थोडं कडू आहे. आपण हळवे नाही, आळशी आहोत. ‘माशाअल्लाह’ म्हणायला एक सेकंद लागतो. पाहायला चाळीस मिनिटं लागतात. दुआ दुआच्या जागी असू द्या, तिच्यावर माझा आक्षेप नाही. तिच्यामागे लपण्यावर आहे.

हा आळस सगळ्यांना सारखा महाग पडत नाही. ज्या घरात आत्या जे.जे.ची, काका जाहिरात संस्थेत, शेजारी ॲनिमेशनवाला, त्या घरातल्या मुलाला जेवता जेवता टीका मिळते. त्याला सोळाव्या वर्षी कळतं की चित्र काळं-पांढरं करून तपासायचं असतं. आपल्या पोरीला ते प्रवेशपरीक्षेत नापास झाल्यावरही कळत नाही, कारण यादीत नाव नाही एवढंच कळतं, का नाही ते कळत नाही. ग्रेड परीक्षेतही ‘बी’ मिळते, का मिळाली ते कुणी सांगत नाही. पुण्या-मुंबईत गेम आणि ॲनिमेशनच्या स्टुडिओंत काम मागायला जाल तेव्हा समोरचा माणूस तुमची दहा चित्रं दोन मिनिटांत पाहतो. तिथे खालाची दुआ सोबत असते, पण कंबर वळलेली नसते.

इतिहास पाहा. 1947मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्यात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे होते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. आरांनी तर लोकांच्या घरी नोकर म्हणून कामं केली होती. यांच्या घरात कोण बसलं होतं चित्रं तपासायला? नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेली काही माणसं त्यांना भेटली. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. यांनी चित्रं विकत घेतली, त्यांच्यावर लिहिलं आणि मुख्य म्हणजे समोर बसून त्यांच्याशी वाद घातले. स्वतः निर्वासित असलेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या पोरांची चित्रं पाहायला वेळ काढला. आपल्याला आपल्याच पोरांसाठी तो निघत नाही.

आणि एक किस्सा तर काश्मीरचाच आहे. नागपूर आणि मग जे.जे.त शिकलेले सय्यद हैदर रझा 1948मध्ये काश्मीरला चित्रं करत होते. तिथे त्यांची गाठ छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँशी पडली. त्यांनी चित्रं पाहिली आणि सांगितलं की तुझ्यात प्रतिभा आहे, पण चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास कर. रझा आयुष्यभर हा प्रसंग सांगत राहिले. 1950मध्ये ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. त्या दिवशी श्रीनगरात त्या परदेशी पाहुण्यानं नुसतं ‘वा, सुंदर’ म्हणून चहा प्यायला असता तर? रझा तरीही मोठे झाले असते कदाचित. पण आयुष्यभर सांगावा असा प्रसंग मात्र घडला नसता.

आता चाचांचा मुद्दा, ‘आपलं काहीतरी काढ’. हा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो प्रेमानं बोलला जातो. कोकणातल्या एखाद्या जोशी-सावंतांच्या मुलानं स्वित्झर्लंडचा डोंगर काढला तर त्याला कुणी म्हणत नाही की तू वाडाच काढ. आपल्या पोरीनं मात्र मिनार, बुरखा, पतंग, शीरखुर्म्याची वाटी यांतून निवडायचं. बाहेरचे लोक आपल्याला एका चौकटीत बघतात अशी तक्रार मीही अनेकदा केली आहे, आणि ती खरी आहे. पण ती चौकट आपणच घरात खिळे ठोकून बसवत असू तर बाहेरच्यांना कुठल्या तोंडानं बोलायचं?

शिवाय ‘आपलं नाही’ म्हणजे काय? 2020मध्ये खेलो इंडियाच्या पहिल्या हिवाळी स्पर्धा गुलमर्गला झाल्या. 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, आणि तो गुलमर्गच्याच उतारांवर तयार झालेला स्कीपटू. स्नोबोर्डिंगही काही फार जुनं, कुणाच्या बापजाद्यांचं नाही. 1965मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपन नावाच्या माणसानं मुलींसाठी दोन स्की जोडून एक खेळणं बनवलं, तिथून हा प्रवास सुरू झाला, आणि 1998च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तो खेळ दाखल झाला. उद्या तंगमर्गचा पोरगा त्यात उतरला तर आपण टाळ्या वाजवणार. मग सोलापूरच्या पोरीनं त्याला रंगवलं तर अडचण कसली?

विषयावर टीका करूच नये असं मी म्हणत नाही. करा, पण चित्रात शिरून करा. मी तिला विचारलं की तुझ्या गुलमर्गात हा एकटाच माणूस का? तिथे लाकडी घसरगाड्यांवर पर्यटकांना बसवून दोरीनं ओढत नेणारे स्थानिक लोक असतात, त्यांचं पोट त्या बर्फावर आहे. ते तुझ्या चौकटीबाहेर ठेवलेस, तर का ठेवलेस? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “मामू, इसमें वो एकेलाच होना मंगता. डर अकेले कू लगता.” मला उत्तर पटलं. तिनं निवड केली होती, आणि ती का केली हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

राहिला हा आक्षेप की टीकेनं मुलं खचतात. खचतात, टोमण्यानं. ‘हे काय कावळ्याचे पाय काढलेस’ म्हणणारे मास्तर मी पाहिलेत, त्यांच्या वर्गातून चित्रकला सोडून गेलेली मुलंही पाहिलीत. त्यांची वकिली मी करत नाही. पण ‘फवारा बाहेरच्या बाजूला उडव’ या वाक्यात खचण्यासारखं काय आहे? त्यात उलट हे गृहीत आहे की तुला ते जमणार आहे. ज्याच्याकडून काहीच होणार नाही असं आपल्याला आतून वाटतं, त्यालाच आपण बिनशर्त छान छान म्हणतो. मुलांना हे कळतं बरं का. भाचीनं त्या दिवशी टॅब बंद करताना मला विचारलं होतं, सगळ्यांना एवढं आवडलं तर बीएफएचा फॉर्म भरायला कुणीच हो का म्हणत नाही? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तिच्या अब्बांकडे असावं.

सोलापुरातल्या वाचकांसाठी: येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी आमच्या मोहल्ल्याच्या वाचनालयात बसणार आहे. कागद, टॅब, मोबाइल, भिंतीवरचं काम असेल तर त्याचा फोटो, जे असेल ते आणा. मुली असतील तर अम्मीलाही आणा, तिलाही बघायला शिकवू. नियम एकच. चित्र समोर आलं की पहिली पाच मिनिटं कुणी चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त काय दिसतंय ते सांगायचं. ज्यांना चित्रातलं काही कळतं, मग तुम्ही साइनबोर्ड रंगवणारे असा, चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढणारे असा की नंबरप्लेटवाले, तुमची मला जास्त गरज आहे. चहा माझ्याकडून.